सदर पती-पत्नीत प्रेम आहे

भूमच्या आठवडी बाजारात मी मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. मागून आवाज आला, "आगं बया, तू अजून हितंच?"

गावाकडची आमच्या गल्लीतली शेजारीण होती, तीही बाजाराला भूमला आलेली. मी इथंच आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. आदल्याच दिवशी तिनं आमच्याकडून विरजण नेलं होतं. पण बाजारात चार बायांच्या देखत विचारण्यात जी मजा आहे, ती विरजण नेताना कुठून येणार? मी म्हणाले, "न्हाय ओ काकू, तिकडं मेथी मिळंना, म्हणून विमानानं आलेय." मेथीवाली हसली, काकू हसल्या नाहीत. मी पिशवी घेऊन घरी पोहोचायच्या आत सासूबाईंच्या कानावर गेलं होतं की सून लई तोंडाळ झालीय.

लग्न होऊन दुसरी संक्रांत उलटली होती. मी सासरी, नवरा तिकडं आणि माझ्या व्हिसाचा अर्ज कुठं तरी अधांतरी. माणूस तोंडाळ होणार नाही तर काय होईल?

'तिकडं' म्हणजे कुठं, ते इथे लिहीत नाही. आमच्या घरातही त्या देशाचं नाव कुणी घेत नाही. सासऱ्यांना ते नीट उच्चारता येत नाही, आणि मोठ्यांना जे येत नाही ते लहानांनी त्यांच्यासमोर बोलून दाखवायचं नाही, अशी घरची रीत. त्यामुळे सगळे तिकडं म्हणतात. तिकडं थंडी लई, तिकडं पगार बरा, तिकडं भाकरी मिळत न्हाय. तिकडं हा एक वेगळाच तालुका असावा आणि तिथली एसटी तेवढी बंद पडलेली असावी, असं ऐकणाऱ्याला वाटेल.

माझं माहेर मुरूमचं, कर्नाटकच्या हद्दीजवळ. तिथे आईच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान होतं. ब्लाउज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश. बाया कानडीत भाव करायच्या, मी मराठीत नाही म्हणायचे, आणि शेवटी दोघी चहा प्यायचो. बरं चाललं होतं. मग हे स्थळ आलं. मुलगा तिकडं मशीनच्या कारखान्यात, सुट्टीवर आलेला, सुट्टी संपायच्या आत लग्न उरकायचं. बघायला आले तेव्हा आम्हाला बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं. तिथे आईनं पापड वाळत घातलेले, त्यामुळे दोघांनाही एका कोपऱ्यात अंग चोरून उभं राहावं लागलं. त्यानं एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला थंडी सोसते का?" मी म्हणाले, "मुरूमला कुठली आलीय थंडी? दाखवली तर सांगेन." तो मोठ्यानं हसला. खाली बसलेल्यांनी माना वर केल्या इतक्या मोठ्यानं. ते हसणं मला आवडलं, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यावर मी लग्न केलं.

लग्न, सोनारीला भैरवनाथाचं दर्शन, भावकीतली जेवणं, आणि गडी विमानात बसलासुद्धा. जाताना म्हणाला, "तीन-चार महिने लागतात." म्हणून मी शिवणाचं मशीन मुरूमलाच ठेवलं. तीन-चार महिन्यांसाठी कशाला आणायचं?

हे 'कशाला आणायचं' पुढे माझ्या बोकांडी बसलं. मला खोलीत कपाट हवं होतं. सासूबाई म्हणाल्या, "कशाला, जायचंच हाय की." दारात जाईचा वेल लावते म्हटलं. कशाला, जायचंच हाय. गल्लीतल्या मुलींना शिवण शिकवते म्हटलं. कशाला मधी सोडून जायचं, पोरींचं नुस्कान. मी दोन बॅगांतून कपडे काढत होते आणि दोन बॅगांत भरत होते, लॉजवर उतरल्यासारखी. शिवाय सासूबाईंनी मला न्यायला म्हणून शेंगाचटणी कुटून ठेवलेली. ती खवट व्हायला लागली की आम्ही घरात संपवायचो आणि त्या नवी कुटायच्या. घर वर्षभर माझ्या निरोपाची चटणी खात होतं आणि माझा निरोप काही होत नव्हता.

घोडं कुठं पेंड खातंय, ते कळायला मार्ग नव्हता. रोज सकाळी मी माळवदावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी जायचे, तिथेच नेट चालतं. व्हिसाची साइट उघडायची. तीच ओळ: आपल्या अर्जावर प्रक्रिया सुरू आहे. बरं, प्रक्रिया म्हणजे काय, ते कुणी सांगेल? कुणी कागद वाचतंय, की कागदावर चहाचा कप ठेवलाय? फोन लावला तर बाई इंग्रजीत म्हणते, थांबा. थांबलेय की! थांबण्याशिवाय दुसरं काय करतेय मी?

पुण्याला जाऊन वैद्यकीय तपासणी केली होती. बार्शीमार्गे एसटीत बसून, कंबरेचा काटा ढिला करून, छातीचा फोटो काढून आले. कागद त्यांच्याकडे गेला. त्यांनी तो ठेवला, ठेवला, आणि मग कळवलं की तपासणीची मुदत संपली, पुन्हा करा. ज्यांनी शिळी केली त्यांनीच म्हणायचं, ही शिळी आहे! पुन्हा बार्शी, पुन्हा पुणे, पुन्हा तीच छाती. तिथल्या नर्सनं मला ओळखलं. म्हणाली, "ताई, तुम्ही परत?" तिलाही सांगावंसं वाटलं, मेथी न्यायला आलेय म्हणून.

सासूबाई वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. मला त्या 'बाई' म्हणतात, तब्येतीला जपतात, माझ्या आईला दिवाळीला आठवणीनं लुगडं पाठवतात. सासरे तर गावात मानाचे. मी त्यांना मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. पण त्या घरात एक पद्धत होती, तिच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नवऱ्याचा फोन रोज सकाळी यायचा, मामांच्या फोनवर. तिकडं तेव्हा संध्याकाळ झालेली असते. मामा फोन स्पीकरवर टाकून ओसरीतल्या खुर्चीवर ठेवायचे. आधी मामा बोलणार: पाऊस, उडीद, कुणाची सोयरीक. मग आत्या: जेवलास का, काय जेवलास, अंगात गरम घातलंस का. मग कुणी पाव्हणा-रावळा बसला असेल तर तो. आणि सगळ्यांचं झालं की मामा म्हणायचे, "घे, सूनबाईशी बोल." मी पदर सावरून खुर्चीपाशी यायचे. सगळे गप्प बसायचे, म्हणजे माझं नीट ऐकू जावं म्हणून.

"बरी आहेस का?"

"हो. तुम्ही?"

"बराय. त्या अर्जाचं काय कळलं?"

"प्रक्रिया सुरू आहे."

"बरं. ठेवू मग?"

झाला संसार.

सुरुवातीला एकदा त्यानं माझ्या फोनवर फोन केला होता. मी माळवदावर गेले बोलायला. खाली आले तर आत्या चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या, पण थापायचा आवाज निराळा. म्हणाल्या, "आता त्याला आमच्याशी बोलाय नको वाटतंय व्हय?" डोळ्यांत पाणी. त्यांनी एकुलतं एक लेकरू तिकडं पाठवलंय. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ओसरी, खुर्ची आणि स्पीकर. त्यानंही पुन्हा माझ्या फोनवर फोन केला नाही. इतक्या पटकन त्यानं तो नाद सोडला, ह्याचा राग माझ्या मनात कुठं तरी बसून राहिला होता.

मग एका सकाळी तिकडच्या कार्यालयाची मेल आली. प्रक्रिया एकदाची हलली होती, पण भलतीकडेच. नवऱ्यानं ती स्पीकरवर वाचून दाखवली, आधी इंग्रजीत, मग मराठीत. मामा, आत्या, मी आणि नेमका त्या दिवशी चहाला आलेला मामांचा चुलतभाऊ, असे सगळे ऐकत होतो.

कार्यालयाचं म्हणणं असं, की हे लग्न खरं आहे याची आमची खात्री पटत नाही. अर्जात लिहिलंय की बायकोनं आजवर देश सोडला नाही. मग दोघांचा बर्फाच्या डोंगरापुढे काढलेला फोटो कुठला आणि कधीचा? दुसरं, लग्नानंतर नवरा-बायकोत बोलणं होत असल्याचा काहीच पुरावा दिसत नाही. फोनची नोंद आणि एकमेकांना पाठवलेले संदेश जोडा. नातं खरं असल्याचं पटवून द्या, नाहीतर अर्ज नामंजूर करू.

बर्फ! माझ्या अंगावर काटा आला, पण थंडीनं नाही. आमच्याकडचे फोटोवाले लग्नाच्या अल्बमात मागचा देखावा बदलून देतात. कुणी धबधबा टाकतं, कुणी ट्युलिपची बाग. मामांनी फोटोवाल्याला मुद्दाम सांगितलं होतं, "पोरगं तिकडं असतंय, मागं बर्फ टाका." आणि त्यानं टाकला. मी नऊवारीत, नाकात नथ, कपाळाला मुंडावळ्या, हा फेट्यात, आणि मागे ढिगानं बर्फ. अल्बमातला तोच फोटो मामांना सगळ्यांत आवडायचा. अर्जाला फोटो जोडायचे तेव्हा त्यांनी हौसेनं तोच वर ठेवायला लावला, आणि नवऱ्यानं वडलांचा शब्द मोडायचा नाही म्हणून जोडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"मग काय झालं?" मामा म्हणाले. "फोटोत माणसं खरी हायत ना?"

"माणसं खरी आहेत मामा, डोंगर खोटा आहे."

"आमी डोंगराला व्हिसा मागितलाय का?"

चुलतभाऊ खो खो हसले. मामा मात्र मनापासून दुखावले होते. "आख्खं गाव जेवलं लग्नात. मुरूमच्या पाव्हण्यांनी नावं ठेवली न्हाईत, असं लग्न. आन् ह्यांना खरं वाटंना! कोण हाय तो साहेब? म्हणावं, ये भूमला, एसटी स्टँडवर कुणालाबी इचार."

मग फोनमधून नवऱ्याचा आवाज आला, जरा बारीक झालेला. "तुझ्या फोनवरची आपल्या बोलण्याची नोंद पाठव की. तेवढं दिलं तरी चालेल."

अशी काही नोंदच नाही, हे ओसरीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या डोक्यात एकदम उकळी फुटली. मी म्हणाले, "काय पाठवू? तुमचे फोन सगळे मामांना येतात. त्यांच्या फोनची नोंद पाठवा. व्हिसा त्यांना मिळेल."

मी असं सासऱ्यांच्या समोर कधी बोलले नव्हते. आत्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मामांनी फोन उचलून कानाला लावला, स्पीकर बंद केला आणि म्हणाले, "ठेव आता. बघतो मी."

मामांचं बघणं म्हणजे ग्रामपंचायत. दुपारीच ते सरपंचांकडून दाखला घेऊन आले. लेटरहेड, गोल शिक्का, सही. मजकूर असा, की सदर इसम व त्यांची पत्नी हे आमचे गावचे रहिवासी असून त्यांचा विवाह रीतीप्रमाणे झालेला आहे. सदर पती-पत्नीत प्रेम आहे असे दिसून येते. सबब मागणीवरून दाखला दिला असे. मामा मला म्हणाले, "घे. आता बोलतोय का तो साहेब बघू." त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला रागावताही येईना. आजवर ह्या शिक्क्यानं रेशन कार्ड झालं, वारसनोंद झाली, विहीर मंजूर झाली. प्रेम तेवढं कसं अडेल?

दुसऱ्या दिवशी त्याचं इंग्रजी करून घ्यायला मी भूमला गेले. वकिलाच्या टायपिस्टनं 'असे दिसून येते' पाशी थांबून विचारलं, "ताई, हे कुणाला दिसून येतं, ते लिहायचं का?" मी म्हणाले, आहे तसं करा. काम झालं आणि मी परतीच्या एसटीसाठी स्टँडवर येऊन बसले. गाडी नेहमीप्रमाणे 'येईल आता' होती. ऊन रणरणत होतं. शेजारी एक आजी पाटीत कोंबडी घेऊन बसलेल्या. मी कागद उघडून पुन्हा वाचला आणि बसल्या जागी माझा संताप संताप झाला.

राग आधी सरपंचांवर आला. मला त्यांनी हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमात लांबून पाहिलेलं. ह्यांना कुठून दिसून आलं? मग त्या तिकडच्या साहेबावर. आणि मग लक्षात आलं, साहेबावर मला नीट रागावता येत नाहीये. कारण त्यानं विचारलं होतं ते बरोबर होतं. लग्न झाल्यापासून लोकांनी मला पुष्कळ विचारलं: कधी जाणार, का अडलंय, पगार किती, बाळाचं काय. ह्या माणसाशी तुझं काही आहे का, हे फक्त त्या परक्या साहेबानं विचारलं होतं. माझा नवरा सकाळी काय खातो, मला माहीत नव्हतं. त्याच्या खोलीला खिडकी आहे का, माहीत नव्हतं. दीड वर्ष मी ज्या माणसाकडे जायला तडफडत होते, तो मला गच्चीवर एकदा हसलेला माणूस म्हणून माहीत होता. मला तिकडं जायचं होतं, की नुसतं इथून सुटायचं होतं?

मी फोन काढला आणि त्याला लावला. तिकडं रात्र असणार, हे डोक्यात आलं होतं, येऊन गेलं.

त्यानं उचलला तो घाबरून. "काय झालं? आईला काय झालं का?"

"आत्या बऱ्यात."

"मग अण्णांना?"

"मामा पण बरेत. सगळे बरेत."

"मग?"

माझा फोन म्हणजे आई-वडलांचं काही तरी बरंवाईट. मलाही काही होऊ शकतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मी म्हणाले, "मला एक विचारायचंय."

"सकाळी विचार की. आता लई—"

"सकाळी ओसरीत पंचायत बसलेली असते. आत्ताच सांगा. मला न्यायचंय का तुम्हाला?"

फलाटावर कुठली तरी गाडी लागली, लोक धावले. आजींची कोंबडी ओरडायला लागली. मी फोन कानात दाबून धरला.

"तुला यायचंय का?" तो म्हणाला.

"मी आधी विचारलंय."

"मला कसं कळणार? तू कधी बोलतेस का? बरंय, प्रक्रिया सुरू आहे. एवढंच. मला वाटायचं, हिला घरच्यांनी दिलंय म्हणून ही आलीय."

"अहो, मग काय बोलू? आत्या शेजारी शेंगा निवडत बसतात! तुमचे काका चहा पीत असतात! त्यांच्यासमोर काय म्हणू, की मला तुमची आठवण येते? आणि माझ्या फोनवर फोन करायला तुमचे हात मोडले होते?"

शेजारच्या आजींनी मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं. बघू दे म्हटलं.

"आईला वाईट वाटलं होतं," तो म्हणाला.

"मला काय वाटलं, ते विचारलंत?"

"न्हाय विचारलं."

आम्ही भांडलो. आमच्या लग्नातलं पहिलं भांडण, भूमच्या एसटी स्टँडवर. तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, सगळं सांगत नाही. बरंचसं आम्हा दोघांनाही शोभणारं नव्हतं. माझी गाडी आली आणि माझ्या डोळ्यांसमोरून गेली. आजी मला खुणेनं सांगत होत्या, मी खुणेनं जाऊ दे म्हणत होते. भांडता भांडता तो म्हणाला की तो रोज खिचडी खातो. आईला भाकरी केली म्हणून सांगतो, पण पीठ मळायला बसलं की एकट्यासाठी कशाला, असं वाटतं. खोलीला खिडकी आहे, पण तिच्यातून दुसऱ्या इमारतीची भिंत दिसते. मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू? अर्ज लांबला की कधी कधी बरं वाटायचं. वाटायचं, ही येईल आणि हिच्याशी काय बोलू? मला तर हिची काहीच माहिती न्हाय."

ह्यावर चिडायला हवं होतं. पण दीड वर्षात त्यानं मला सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट होती. मी म्हणाले, "मलाही तशीच भीती वाटते." आणि मग त्या बाकड्यावर बसून मी रडले.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी मामांना सांगितलं की उद्यापासून ह्यांचा फोन माझ्या फोनवरही येईल. आत्या काही बोलायच्या आत मी म्हणाले, "कार्यालयाला नोंद लागते." मामांनी जरा विचार केला. मग आत्यांना म्हणाले, "लागतंय तर लागतंय. सरकारी काम हाय ते. बोलू दे त्यांना."

आणि अशी आम्हा नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायची परवानगी मिळाली, सरकारी काम म्हणून. मामा त्यात एकदम तत्पर. मी माळवदाचा जिना चढायला लागले की ओसरीतून आवाज यायचा, "निवांत बोला. कागद भरू द्या." खाली आले की विचारायचे, "झालं का पुरंसं?" कुणी पाव्हणा आला आणि सून दिसत नाही म्हणाला, तर मामा अभिमानानं सांगायचे, "वर पुरावा करतीय." आत्या काही दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. मग एकदा स्वतःच म्हणाल्या, "त्यो मला भाकरी करतो म्हणून थापा मारतोय, न्हाय का?" मी हो म्हणाले. "म्या वळखलंच हुतं," त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून त्याला फोनवर झापलं.

पुरावा भरपूर झाला. अडचण एवढीच की त्यात निम्मी भांडणं. संदेशांत तर काय वाट्टेल ते. तो म्हणाला, "हे असलं पाठवायचं? हितं बघ, तू मला दगड म्हणालीयस." मी म्हणाले, "पाठवा. खोट्या लग्नात कोण कुणाला दगड म्हणतंय?" बर्फाच्या डोंगराबद्दल मामांनी वकिलाकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं, की सदर डोंगर माझ्या सांगण्यावरून टाकण्यात आला. सरपंचांचा दाखलाही सोबत गेला. तो नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

मी मुरूमला जाऊन मशीन घेऊन आले. आई दारातच म्हणाली, "एनातू?" काय झालं, रद्द झालं की काय, म्हणून तिचा जीव वर-खाली. मी म्हणाले, काही झालं नाही, म्हणूनच नेतेय. आता ते मशीन आमच्या पुढच्या खोलीत आहे. कपाट घेतलंय. 'जायचंच हाय की' म्हणायला आत्या तोंड उघडतात, मग माझ्याकडे बघून मिटतात. बाजारात काकू अजून विचारतात. मी अजून उलटंच बोलते.

साहेबाचं उत्तर आलेलं नाही. कागद मिळाले, एवढं कळवलं त्यांनी, आणि प्रक्रिया सुरू आहे.

मागच्या आठवड्यात मी एकीचं ब्लाउज बेतत होते. ह्याचा फोन आला, अवेळी. आवाज बसलेला. ताप होता. दोन दिवसांपासून होता आणि मला सांगितलं नव्हतं. म्हणाला, काही न्हाय, उतरेल, नुसतं तुझा आवाज ऐकावा म्हणून केला. मी म्हणाले, कपाळावर ओली पट्टी ठेवा. म्हणाला, उठवत न्हाय. पाणी तरी प्या. पिलं की मघाशी. शेजारी कुणी आहे का? नाही. आणि मग तो बोलता बोलता झोपला. फोन चालूच होता, त्याचा जड श्वास ऐकू येत होता. माझ्या एका हातात कात्री, एका हातात फोन, समोर कापड मांडलेलं. पेला उचलून त्याच्या तोंडाशी धरायला एक माणूस लागतं, आणि ते माणूस इथे खडूनं बाही आखत बसलं होतं.

इतके दिवस मी व्हिसाची वाट बघत होते. चिडत, कुढत, शिव्या देत का होईना, दिवस जात होते. आता तिकडच्या त्या माणसाची वाट बघतेय. दिवस जाता जात नाही.